घेतले ते परत

माझ्या नोकरीचे स्वरूप नातेवाइकांना समजावून सांगणे ही माझी नित्याची अडचण आहे. डॉक्टर म्हटले, शिक्षक म्हटले, की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. मी मात्र संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधील डिव्हाइस ड्रायव्हर दुरुस्त करतो, आणि त्यातही माझा बराच वेळ मेमरीची गळती शोधण्यात जातो.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यामधला दुभाषी. या दुभाष्याला कामापुरती जागा लागते व ती तो संगणकाच्या मेमरीतून मागून घेतो. लिनक्समध्ये ती मागण्याची आज्ञा ‘केमॅलॉक’, परत करण्याची ‘केफ्री’. परत करायची राहिलेली जागा कुणाच्याच उपयोगाची उरत नाही, हीच गळती. साधा प्रोग्रॅम असे विसरला तर फारसे बिघडत नाही. तो बंद होताच ऑपरेटिंग सिस्टीम त्याची सारी जागा काढून घेते. परंतु ड्रायव्हर राहतो तो तिच्या गाभ्यातच. त्याच्यामागून आवरणारे कुणी नसते. संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत ती जागा गेली ती गेलीच.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील नोंदींचा संगणक आमच्याकडे तक्रार म्हणून आला. त्यात चार गिगाबाइट मेमरी होती. दहावा दिवस उजाडला की तो मंदावे आणि मग थांबे. रात्रपाळीच्या परिचारिका तो बंद करून पुन्हा सुरू करीत. तोवर रुग्णांची औषधे कागदावर लिहिली जात. सर्वांनी जुन्या यंत्राला दोष दिला होता. कारण वेगळेच निघाले. राखीव नेटवर्क कार्डाची केबल सैल होती. ड्रायव्हर दर सेकंदाला जोडणीचा प्रयत्न करी, त्यासाठी ४,०९६ बाइट जागा घेई, प्रयत्न फसे आणि जागा तशीच अडकून राही. ४,०९६ बाइट म्हणजे जेमतेम पानभर मराठी मजकूर. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला ३५ कोटी बाइट!

या शोधात ‘केमेमलीक’ या साधनाची मदत झाली. कॅटालिन मारिनास यांनी लिहिलेले हे साधन २००९ साली लिनक्समध्ये समाविष्ट झाले. एरवी दर दहा मिनिटांनी ते मेमरी चाळते आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच नोंदलेला सापडत नाही, त्याला पोरका ठरवते. हा शब्द माझ्या पदरचा नव्हे. त्याच्या माहितीपत्रकात याच अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. ती जागा कोणी मागितली होती, हेही ते दाखवते. स्वतः मात्र ती मोकळी करीत नाही, कारण पत्ता नजरेआड असण्याचा संभव असतो. निवाडा माणसानेच करायचा.

मग ड्रायव्हर लिहिणारे निष्काळजी असतात काय? मला तसे वाटत नाही. लग्नघरी भाड्याची भांडी येतात. लग्न पार पडले की ती मोजून परत जातात, कारण तशी रीतच असते. पण लग्न ऐनवेळी मोडले, तर त्या गोंधळात भांड्यांची आठवण कुणाला राहते? ड्रायव्हरही सुरू होताना एकामागून एक चार-पाच गोष्टी घेतो. चौथी मिळाली नाही, तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने परत करून मगच माघार घ्यायची असते. यशाची वाट रोज तपासली जाते, अपयशाची क्वचितच. मला बहुतेक गळत्या तिथेच सापडल्या. २००७ पासून लिनक्समध्ये अशा वस्तू माघारीच्या वेळी आपोआप परत जाण्याची सोय आहे. तरीही अनेक ड्रायव्हरांत ही परतफेड हातानेच लिहिलेली असते.

रुग्णालयासाठीची दुरुस्ती एका ओळीची होती. पुढे तो संगणक महिनोन्महिने न थांबता चालला. आता नव्या सहकाऱ्यांचे काम तपासताना सारे सुरळीत झाले तर काय होईल, हे मी शेवटी वाचतो. आधी प्रत्येक ओळीला विचारतो : हे मिळाले नाही, तर आतापर्यंत घेतलेले कोण परत करणार?