रात्रीची राखण

आमची जमीन घोटीपासून सायकलीनं अर्ध्या तासावर. सव्वादोन एकर, सगळी भाताची खाचरं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळं आमच्याकडं पाऊस नाही म्हणून कुणी फारसं रडत नाही. आमचं रडणं उलटं. यायचा तेव्हा येतो, पण जायचा तेव्हा जात नाही.

२०१९ साली असंच झालं. इंद्रायणी झकास आली होती, लोंब्या भरून वाकल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास जरा उघाडी दिसली म्हणून सोंगणी उरकली आणि भात वाळायला खाचरातच पसरलं. तेवढ्यात अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि मागोमाग 'महा' अशी दोन वादळं उठली. दिवाळी संपली तरी पाऊस हटेना. एक पेंढी उचलून बघितली तर दाण्याला पांढरे कोंब फुटलेले. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत चिखलात उगवायला लागलं होतं.

सोसायटीचं पीककर्ज होतं, खताच्या दुकानाची उधारी होती आणि थोरल्या पोरीचं लग्न ठरलेलं. मी वही काढून हिशेब मांडायला बसलो. पहिल्या रात्री मांडला, दुसऱ्या रात्री परत मांडला. आकडे तेच राहिले, माझी झोप तेवढी गेली. तिसऱ्या रात्री पडवीत एकटा बसलो होतो, तर मनात नको नको ते यायला लागलं. त्याहून जास्त लिहीत नाही. शेतकऱ्याला ते सांगावं लागत नाही.

आम्ही ख्रिस्ती. आजी नगरकडची. काळजी करू नका म्हणून प्रभूनं पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला दिला, तो मत्तयाचा सहावा अध्याय तिला तोंडपाठ. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आजी, पाखरं पेरत नाहीत तरी देव त्यांना खायला घालतो, पण ती खातात आपलंच भात. त्याचं काय?" आजी म्हणाली, "मग तुला गोफण कशाला दिलीय रे?"

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव आजी फार घ्यायची. त्यांची सासुरवाडी आमच्या नाशिकजवळची, जलालपूरची. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दारी आलेल्याला देऊन मोकळे होत. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि देव देईल त्यावर राहायचं ठरवून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. मला वाटायचं, विश्वास असावा तर असा. पुढं मोठेपणी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली तेव्हा कळलं, की उद्याच्या घासाचा घोर त्या माउलीला होता. माझं मत तेव्हा बदललं. देऊन टाकणाऱ्याचा विश्वास मोठा खराच. पण डबा तळाला गेलेला दिसत असताना चूल पेटवणारीचा विश्वास त्याहून लहान कसा म्हणायचा?

त्या तिसऱ्या रात्री आमची मंडळी उठून बाहेर आली.

"अहो, किती वाजले?"

"दोन."

"आकडा कमी झाला का?"

"नाही."

"मग मिटा ती वही. रात्रीची राखण त्याची. सकाळचं काम आपलं."

मग मी तिला मनात काय काय आलं होतं ते सगळं सांगितलं. तीन दिवस सांगितलं नव्हतं. ती रडली, पण जवळून उठली नाही. माझा हात धरून तिनं प्रार्थना केली, दोनच वाक्यांची. त्या रात्री मला झोप लागली.

सकाळी शेजारचा माळकरी गडी आला. "नाना, विम्याची खबर दिली का? बहात्तर तासांत द्यावी लागते." मी कपाळावर हात मारला. तीन रात्री हिशेब केला, पण करायचं ते एक काम राहिलंच होतं. थोडेच तास उरले होते. त्यानं आपल्या पोराला मोबाईल घेऊन बसवलं आणि खबर गेली. मग दोन्ही घरच्या माणसांनी मिळून पेंढ्या बांधावर काढल्या. ताडपत्रीही त्याचीच. कोंब न आलेलं तेवढं निवडलं, तर तिसरा हिस्सा हाती लागला. तो पांडुरंगाचं नाव घेत होता, मी प्रभूचं. चिखल दोघांच्या पायाला सारखाच.

पुढं सरकारची मदत जाहीर झाली, हेक्टरी ८ हजार. आमची जमीन हेक्टरही भरत नाही. कर्ज फेडायला तीन वर्षं गेली. पोरीचं लग्न पुढं ढकललं, ते २०२० साली करोनात ५० माणसांत झालं. ज्या खर्चाच्या आकड्यानं माझी झोप खाल्ली तो खर्च आलाच नाही. देवानं हे माझ्यासाठी घडवलं असं मी म्हणणार नाही. त्या रोगात कितीतरी घरं बसली. एवढंच म्हणतो, की त्या तीन रात्री मी जे दुःख भोगलं त्यातलं निम्मं कधी आलंच नाही. जे आलं ते दिवसाउजेडी आलं, आणि तेव्हा जवळ माणसं होती.

वाचणाऱ्यांपैकी कुणी असा रात्री दोनला जागा असेल, तर त्यानं एवढं करावं. घरातल्या कुणाला तरी उठवावं आणि सगळं सांगावं. एकट्यानं बसू नये.

माझी सवय काही पुरती गेलेली नाही. सोंगणीच्या दिवसांत पश्चिमेला ढग दिसला की हात वहीकडं जातो. मंडळी चुलीपाशीच असते. ती एवढंच विचारते, "गोफण कुठं ठेवलीय?" मी वही ठेवतो आणि ताडपत्री काढायला उठतो.