उशिराचा शौक

पेंटबॉल हा खेळ मुळात मोठ्या माणसांनीच सुरू केला. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात पहिला डाव झाला. बारा जण होते. हाती झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची रंगाची पिस्तुलं. खेळ सुचलेल्यांपैकी लेखक चार्ल्स गेन्स तेव्हा ३९ वर्षांचे. जिंकला मात्र रिची व्हाइट हा जंगलात काम करणारा गडी. एकही गोळी न झाडता त्याने सगळे झेंडे गोळा केले! (उस्तादी म्हणतात ती हीच.)

हे सगळं आम्ही वाचलं ते भाच्यापायी. तो तिकडेच नोकरीला, वय ३४, दोन मुलांचा बाप. "मामू, नोकरी सोडून व्यावसायिक खेळाडू होऊ का? उशीर तर झाला नाही ना?" असं विचारतो. आपांची झोप उडाली आहे.

रानातला डाव वेगळा आणि आजचा वेगळा. आता हवा भरलेल्या आडोशांच्या मैदानावर पाच-पाच जण खेळतात. गोळी सेकंदाला सुमारे ३०० फूट वेगाने येते. वाकून धावायचं, गुडघ्यांवर घसरायचं. समोरची विशीतली पोरं हे लहानपणापासून करत आलेली. तरी वयाची अडचण आम्हाला दुय्यम वाटते. निगराणी ठेवली तर ३४ चे गुडघे चालतात. खरी अडचण पैशाची. निव्वळ या खेळावर घर चालवणारे फारच थोडे, बाकीचे नोकरी सांभाळूनच खेळतात.

तेव्हा त्याने स्थानिक स्पर्धा जरूर खेळाव्यात, चांगला संघ घेतो का ते पाहावं. राजीनाम्याचा कागद मात्र तूर्त आपांकडे ठेवायला द्यावा.