पाचामुखी

पाचामुखी परमेश्वर, असे आपण इतक्या सहज श्रद्धेने म्हणत आलो आहोत, की त्या पाचांना तेथे कोणी बसविले, आणि त्यांच्यातच मतभेद झाला तर परमेश्वराने कोणाच्या मुखी वास करावा, हे प्रश्न मनास सहसा शिवत नाहीत. मला मात्र ते अलीकडे स्वस्थ बसू देत नाहीत.

मन वळते जुन्या महजरांकडे, म्हणजे निवाडापत्रांकडे. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, उभयपक्षांच्या तकरिरी लिहून घेई, आणि निवाड्याच्या कागदावर पाटलाचा नांगर उमटे, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. ज्याला अक्षर ठाऊक नाही त्याच्याही संमतीवाचून निवाडा पुरा होत नाही, हे मान्य करणारा तो कागद मला कोणत्याही राजमुद्रेहून थोर वाटतो. निवाडा नामंजूर असणाऱ्यास परस्थळी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे, जाण्याची वाटही असे. पाचांच्या मुखालाही दुसऱ्या पाचांचा धाक हवा, हे त्या काळाला उमगले होते. मात्र तेथे माणूस बसे तो वतनाच्या हक्काने. त्याला कोणी निवडलेले नसे, म्हणून कोणी दूरही करू शकत नसे. आणि बायकांची निशाणी तेथे शोधावी लागते. प्रौढ मताधिकाराचे मोल मला या कागदांनीच शिकविले.

पण २८ एप्रिल १९७६ चे काय करावे? सर्वोच्च न्यायालयात त्या दिवशी न्यायमूर्ती नेमके पाच होते. आणीबाणीतील स्थानबद्धास आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे चौघांनी ठरविले. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यास दिले गेले. न्यायालयाने जे सोडले ते मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सावरले, आणि संसदेने चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. एक संस्था चुकते तेव्हा दुसरी जागी असते, हेच या रचनेचे सामर्थ्य, असे मी मनोभावे मानतो.

तरीही एक शल्य उरते. त्या निवडणुका जाहीर केल्या त्या सत्ताधाऱ्यांनीच. लोकसभेची मुदत तर त्यापूर्वीच वाढविली गेली होती. ती आणखी वाढविली असती तर मतदारांनी कोणत्या दाराशी जावयाचे होते? आणि मुदत वाढविणारी सभाही अखेर आम्हीच निवडून दिलेली होती.