काकांचे अकरा बाण

थोडं मोठं लिहितोय, वेळ असेल तेव्हा वाचा.

आमच्या फलटणच्या घरात माळ्यावर पुठ्ठ्याच्या एका नळीत अकरा फायबरग्लासचे बाण आहेत. काका सत्तरच्या दशकात अमेरिकेत मिशिगनला नोकरीला होते. त्याच राज्यात ग्रेलिंग नावाच्या छोट्या गावात फ्रेड बेअरचा धनुष्यांचा नावाजलेला कारखाना होता. 1978 मध्ये तो फ्लोरिडाला हलला. काकांनी तिथलं एक रिकर्व्ह धनुष्य आणि डझनभर बाण घेतले आणि परत येताना बॅगेपेक्षा जास्त जपून आणले. एक बाण कुठेतरी उसात गेला, तो गेलाच.

महिनाभर या बाणांवरून दोन तट पडलेत. एक शाळा क्रीडादालन करतेय, त्यांना हे बाण काचेच्या कपाटात हवेत. आणि मैदानावरची पोरं म्हणतात, "दादा, बाण पडून आहेत तर मारायला द्या की!"

पोरांचं खोटं नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. अदिती तर अवघी 17 वर्षांची, आणि दोघांचाही सराव साताऱ्यातला. त्याआधी आपल्याच तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला. तेव्हा चौकाचौकांत बॅनर लागले. आज मैदानावर या, बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळणारी पोरं गवतात गेलेला एक बाण अर्धा अर्धा तास शोधताना दिसतील. अशा वेळी अकरा बाण काचेत ठेवायचे म्हणजे मला तरी विचित्र वाटतं.

पण फायबरग्लासचं एक आहे. लाकडाचा बाण तडकला की बहुतेक वेळा दिसतो. इथे काचेचे बारीक तंतू राळेत बसवलेले असतात. आपटून आतले तंतू तुटले तरी वरून बाण धडधाकट वाटतो. दोरी सोडल्यावर प्रत्येक बाण क्षणभर वाकतो, त्या क्षणी तडा उघडतो. पुढचा भाग अडखळतो आणि मागचा भाग दोरीच्या जोराने थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. शिकणारं पोर असा बाण हातात घेणार आहे, म्हणून लिहितोय.

म्हणून एका रविवारी सगळे तपासले. हातमोजे घातले, कारण ती कुसळं बोटात गेली की दोन दिवस खाज जात नाही. कापसाचा बोळा प्रत्येक बाणावरून फिरवला. चार बाणांवर कापूस अडकला. उरलेले तोंडापासून लांब धरून हलके वाकवले, कानाने ऐकलं. दोघांतून बारीक करकर आली. राहिले पाच. नॉकचं प्लास्टिक मात्र सगळ्यांचंच ठिसूळ झालेलं, आणि पिसांना कसर लागलेली.

काही जण म्हणतात, मारलेस तर किंमत जाईल. अहो, संग्राहकाला मूळ पिसांचा, मूळ खोक्यातला पूर्ण संच लागतो. हा काकांनी परसात भरपूर मारलेला, अकरांचा संच. तो पैसा गृहीतच धरायला नको. आणि ते कपाट मी जाऊन पाहिलं, पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे! रोजच्या उन्हाने राळ झिजते आणि तंतू उघडे पडतात. जपायचंच असेल तर आमचा माळा बरा.

त्या पाच बाणांना नवीन नॉक आणि पिसं बसवली. काकांच्याच 40 पौंडी धनुष्यावरून, डोळ्याला गॉगल लावून, पंधरा मीटरवरून मी एकट्याने मारले. बाण जड, वेग कमी, पण टार्गेटमध्ये बसताना असा धप्प आवाज येतो की कार्बनवाल्यांनी एकदा ऐकावा. काका असते तर माझ्या कोपरावरून दोन शब्द ऐकवले असते.

तर हे पाच मी मारत राहणार, दर वेळी कापूस फिरवून. पोरांना देणार नाही, आणि कंपाउंडवर तर कुणालाच लावू देणार नाही. त्यांना रुसायचं तर रुसू देत.

सहा बाद बाण शाळेला देतोय. त्यांचे नॉक कापून टाकलेत, म्हणजे उद्या कुणी कपाट उघडून दोरीवर चढवायला नको. समितीला दोनच गोष्टी सांगितल्या: कपाट खिडकीपासून हलवा, आणि दालनाच्या खर्चातून पोरांसाठी सरावाचे डझनभर नवे बाण घ्या. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर "बघू" असं उत्तर आलं.

बाणांचं कोटेशन माझ्याकडे आहे. समितीतलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घाला. आणि पोरांना प्रत्यक्ष बघायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मैदानावर या.