दिवसाचा झाला दविस

चि. छकुली,


तुझ्या चौथीच्या वर्गातल्या त्या पोराच्या वहीचा फोटो धाडलास ते बरं केलंस. तोंडी सगळं सांगतो आणि लिहायला बसला की चिखल, म्हणून शाळेतले वरिष्ठ त्याला आळशी म्हणतात. मी चष्मा लावून ते पान दोनदा पाहिलं. 'दिवस'चा त्याने 'दविस' केलाय. अगं, तो कानाशी इमान राखून लिहितोय! आधी द ऐकला, द काढला. मग वेलांटी ऐकली, वेलांटी काढली. ती बसली पुढच्या व वर. पहिली वेलांटी उच्चारायची अक्षरानंतर आणि काढायची आधी, ही आपल्या लिपीची खोड. रफाराचं उलटं: 'सूर्य' म्हणताना र आधी, कागदावर तो य च्या डोक्यावर. आपल्या हाताला सवय झाली, त्याच्या झाली नाही.

बावन्न म्हटलं की २५ लिहितो, त्यातही तेच. 'बा' आधी ऐकू येतो, म्हणून दोन आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढी ओरड झाली! मीही हसले होते. आज हसणार नाही.

त्याला सगळ्यांपुढे प्रकट वाचन देऊ नकोस. मी एका मुलाला रोज उभं करायची, सरावाने सुधारेल म्हणून. त्याचा नंबर जवळ आला की त्याला तहान लागायची. ती तहान कसली, हे मला वर्षभर कळलं नाही.

फळ्यावरचं उतरवायला लावण्यापेक्षा मजकूर हातात दे, ओळीखाली पट्टी धरू दे. परातीत रवा पसरून बोटाने 'दि' काढून घे. उत्तर येत असेल तर तोंडी घेऊन गुण दे.

गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर पुढे दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा आणि गरज पडल्यास लेखनिकही मिळतो. बापाला मात्र कायदा सांगत बसू नकोस, 'अपंग' शब्द ऐकताच तो उठून जाईल. आधी पोराची तोंडी उत्तरं त्याच्यासमोर घे.

माझ्याकडचा लाकडी मुळाक्षरांचा संच एसटीने पाठवते. त्यात ळ नाही, तुझ्याच लहानपणी हरवलाय.

तुझी,
मावशी