मेणावर कोरलेला सूर

अमेरिकेतील चॅटानूगा शहरी एक पोरकी कृष्णवर्णीय मुलगी रस्त्याच्या कडेला गात असे. भाऊ गिटार वाजवी आणि येणारेजाणारे पुढे नाणी टाकीत. रस्त्यावरच्या गोंगाटात गाणे ऐकू जावयाचे, तर आवाज खणखणीतच हवा! बेसी स्मिथच्या गळ्याला दारिद्र्याने ही पहिली तालीम दिली.

१९२३ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्या काळी या कामी मायक्रोफोन वापरीत नसत. गायिकेने मोठ्या कर्ण्यासमोर गावयाचे. सुराच्या कंपनांनी सुई थरथरे आणि मेणाच्या तबकडीवर त्याची रेघ कोरली जाई. नाजूक आवाज तेथे लोपून जात. बेसीचा मात्र ठसठशीत उमटला. आपल्या समाजाचे सुखदुःख सांगणारी ‘ब्लूज’ गीते ती गाई. दहा वर्षांत तिची सुमारे १६० गाणी मुद्रित झाली. त्यांपैकी काहींना जाझ संगीतातील थोर वादक लुई आर्मस्ट्राँग याची साथ लाभली.

१९३७ साली मोटार अपघातात बेसीचा अंत झाला. अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले. पण थडग्यावर नावाचा दगड बसण्यास १९७० साल उजाडावे लागले. त्यासाठी पैसे देणाऱ्यांत जॅनिस जॉपलिन ही गायिका होती. बेसी वारली, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तिला बेसी भेटली ती केवळ ध्वनिमुद्रिकांतून. दगडाने नाव जपले नव्हते, तेव्हा मेणावरच्या त्या बारीक रेघेने सूर जपला होता. आणि त्या सुरानेच अखेर दगडावर नाव कोरविले.