ताक, सोडा आणि क्रूस

आयर्लंड म्हटले, की आपणांस संत पॅट्रिक आठवतो आणि देशोदेशी गेलेले मिशनरी आठवतात. त्या देशाची श्रद्धा जाणून घ्यायची, तर त्याच्या चुलीपाशीही थोडा वेळ बसावे, असे आम्हांस वाटते. तेथे भाजला जाणारा सोड्याचा पाव हा गरिबाघरचा पाव होय.

आयर्लंडची हवा थंड व ओली. तेथील गहू मऊ. यीस्ट घालून फुगवायच्या पावाला त्याचे पीठ फारशी साथ देत नाही. शिवाय गरिबाच्या झोपडीत भट्टी कोठून असणार? १८३० नंतर खाण्याचा सोडा तेथे मिळू लागला आणि ही अडचण सुटली. ताकाचा आंबटपणा सोड्याला भेटला, की कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो व पीठ फुगते.

ताकच का? ज्या घरी गाय होती, तेथील लोणी बाजारात जाई; जमीनदाराचा खंड त्यातूनच भरायचा असे. घरात उरे ते ताक. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे १० लाख माणसे दगावली, जवळजवळ तितक्याच जणांनी देश सोडला. आणि त्या वर्षांतही लोणी व धान्य जहाजांतून इंग्लंडला जातच होते. पुढे हा पाव घरोघरी रोजचा झाला. उत्तम ते दुसऱ्याच्या ताटात गेल्यावर मागे जे उरले, त्यानेच या लोकांचा पाव फुगवला.

कृती सोपी आहे. ४५० ग्रॅम मैदा, एक लहान चमचा सोडा व एक लहान चमचा मीठ एकत्र चाळावे. मध्ये खळगा करून सुमारे ३५० मिलिलिटर दाट, आंबट ताक ओतावे आणि हलक्या हाताने कालवावे. मळू नये, मळल्याने पाव चिवट होतो. रेंगाळूही नये, ताक पडताच वायू सुटू लागतो. गोळा दीड इंच जाडीचा थापून सुरीने कडेपर्यंत खोल क्रूस काढावा. तापलेल्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर १५ मिनिटे व नंतर २०० अंशांवर सुमारे ३० मिनिटे भाजावा. तळाशी ठोकल्यावर पोकळ आवाज आला, की पाव झाला. पूर्वी हे काम बॅस्टिबल नावाचे लोखंडी भांडे करी. त्याच्या झाकणावरही निखारे ठेवीत.

या क्रूसाविषयी बरेच बोलले जाते. कोणी म्हणे, त्याने पावाला आशीर्वाद मिळतो. कोणी म्हणे, उपद्रवी पऱ्यांना बाहेर पडायला वाट होते. जाणकार सांगतात, की चिरेतून उष्णता मधल्या जाड भागापर्यंत पोहोचते. आम्हांस आशीर्वाद आणि उष्णता यांत विरोध दिसत नाही. वरवर ओढलेली रेघ केवळ शोभेची. तिने आतले पीठ कच्चेच राहते. आपल्या दारांवर, गळ्यांत, मोटारींत क्रूस पुष्कळ आहेत. ते आत किती खोल गेले आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि चीर खोल असली, म्हणजे पाव मोडून वाटणेही सोपे जाते.

हा पाव वेदीवर चालत नाही. आपल्या लॅटिन विधीत परमप्रसादासाठी केवळ गहू व पाणी यांची बेखमीर भाकर लागते. याचे स्थान घरच्या मेजावर. शिवाय तो फार टिकत नाही; दुसऱ्या दिवशीच कोरडा पडू लागतो. अरण्यातील मान्नाही साठवून ठेवता येत नव्हता, आणि प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण आजच्यापुरतीच भाकर मागतो. म्हणून हा पाव भाजला त्याच दिवशी, ऊन असतानाच खावा. त्याचे चार भाग आपोआपच होतात. त्यांतील एक शेजारच्या घरी द्यावा.